कमलच्या नावाने

“म्हणजे फायली कमलनेच पुसल्या?” मुल्लाचाचांनी विचारलं.

मिहिरने खांदे उडवले. “मशीनच्या नोंदीत नाव तिचं आहे, चाचा.”

या कॅन्सर हॉस्पिटलचे कॉम्प्युटर एके काळी चाचांनीच उभे केले होते. मिहिर चौगुले त्यांच्या हाताखाली शिकला आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसला. खुर्ची मिळाली की गुरू जुनाट वाटायला लागतो, तसं त्याचंही झालं. पण परवा रेडिएशनच्या सगळ्या रुग्णांचे आराखडे राखीव प्रतींसकट पुसले गेले, आणि चौकशीसाठी चाचांना बोलवावं लागलं.

उपचार बंद होते. बाहेर बाकावर माणसं मानेवर, गळ्याखाली शाईच्या खुणा घेऊन बसली होती. किरण कुठे द्यायचे ते खुणांवरून कळत होतं. किती द्यायचे ते फायलींबरोबर गेलं होतं. कुणी आवाज चढवत नव्हतं, तेवढी ताकदच कुणात नव्हती.

बाकाच्या टोकाला ऑपरेटर कमल भंडारे बसली होती. आज ट्रस्टच्या बैठकीत तिला काढून टाकणार होते.

“तू परवा चालवलेली स्क्रिप्ट दाखव,” चाचा म्हणाले.

मशीनला दिलेल्या हुकमांच्या दोनच ओळी होत्या. पहिली: कमल हो. दुसरी: या कप्प्यातलं सगळं पूस.

“मी रूट, म्हणजे मशीनचा मालक,” मिहिर समजावू लागला. “कमलच्या जुन्या फायली काढायच्या होत्या. मी पुसलं तर सगळ्यांचंच जाणार. म्हणून आधी कमल झालो. तिला स्वतःच्या जुन्या फायलींपलीकडे हात लावता येत नाही. तरी सगळं गेलं, म्हणजे परवानग्यांत तिनेच घोळ घातलाय.”

“हं...” चाचांनी एक रिकामं मशीन पुढे ओढलं. “पुसायच्या जागी ‘मी कोण’ असं विचार. आणि चालव.”

म्हातारा अध्यात्मावर आला वाटतं, असं म्हणत मिहिर मनात हसला. त्याने ओळ बदलली, स्क्रिप्ट चालवली.

काहीच झालं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

“आता तू कोण?”

“कमल.”

“मग उत्तर का येत नाही?”

मिहिरने पुन्हा एंटर दाबून पाहिलं.

“परवाही असंच थांबलं होतं?”

“वाटलं, अडकलं. मी ‘एक्झिट’ दिलं. कमलमधून बाहेर पडलो.”

“मग दे की.”

त्याने दिलं. लगेच उत्तर उमटलं: रूट.

मिहिर त्या शब्दाकडे बघत बसला. दुसरी ओळ कमलच्या हाती कधी गेलीच नव्हती. तो पुन्हा रूट होईपर्यंत ती ओळ थांबून राहिली होती, आणि मग रूटच्या हाताने चालली होती. रूटचा पासवर्ड अख्ख्या हॉस्पिटलात त्याच्या एकट्याकडे होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि त्याला आता लाजेने मान वर करवेना.

“चाचा... मुद्दाम नाही केलं हो.”

“ठाऊक आहे.”

“आजची बैठक होऊ दे. नंतर सांगतो मी साहेबांना. शांतपणे.”



बाहेर ट्रस्टच्या ऑफिसातला शिपाई आला होता. बाकावरचे चेहरे न्याहाळत त्याने विचारलं, “कमल भंडारे कोण?”

उघड्या दारातून कमल उठताना दिसली. तिने पदर सारखा केला.

चाचांनी मिहिरच्या खांद्यावर हात ठेवला.

“ऊठ. तुला बोलावताहेत.”