ठसे गेले कुठे?

नुसतं जिवंत असून भागत नाही, मशीनलाही तसं पटावं लागतं. काजू कारखान्यातल्या अकरा बायकांना हे बँकेत गेल्यावर कळलं. सोमवारपासून पगार खात्यातच जमा होणार होता. जिचं खातं नाही, तिचं काम बंद.

शेवंती धुरीने अंगठा टेकवला आणि मशीनवर लाल दिवा लागला. अकरा जणींची सगळी बोटं टेकवून झाली, तरी लालच. वर्षानुवर्षं काजू फोडून, टरफलातल्या तेलाने बोटं इतकी भाजली होती की एक रेघ उरली नव्हती. पाण्यातून काढलेल्या प्रेताच्या बोटांसारखी ती पांढरी, गुळगुळीत दिसत होती. शिपाई दोन पावलं मागे सरला.

मॅनेजर खेडेकर मात्र हसले. वाटीतले काजू तोंडात टाकत म्हणाले, "ठसे नाहीत म्हणजे माणूस नाही. भुतांची खाती आम्ही उघडत नाही. आधी ठसे शोधून आणा!"

शेवंती हलली नाही. मागच्या दहा जणी पापणी न लवता वाटीकडे बघत होत्या.

"शोधूची गरज नाय, सायबानू," ती हळूच म्हणाली. "एकेक काजूगर काढताना ते तेका चिकाटले. आता तुमच्या पोटात आसत. मशीन थंय लावा."

खेडेकरांना घास गिळवेना, थुंकवेना. डोळ्यांवरून ओळख पटवणारं दुसरं मशीन मग कपाटातून निघालं. सकाळपासून ते तिथेच होतं. अकरा हिरवे दिवे लागले.

बायका गेल्यावर खेडेकरांनी वाटीतला एक काजू उजेडात धरला. त्यावर बारीक, वळणदार रेघा होत्या.