मारेकऱ्याचा हात धरणारा

हाडाच्या आत काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या काळची गोष्ट. एका बैलाच्या मांडीच्या हाडात तांबी नावाची रक्तपेशी वाढत होती. अजून कच्चीच होती. अंगात पुरता लाल रंग भरला की तिला बाहेर रक्तात जायचं होतं.

प्रत्येक पेशीच्या घरात जन्मापासून एक मारेकरी असतो. तांबीच्याही होता. एक राखण्या त्याचा हात घट्ट धरून बसलेला असे. राखण्या फार दिवस टिकत नाही. तो विरायच्या आत पेशीनं दुसरा घडवायचा, अशी तिथली रीत.

तांबी हट्टी. कुणाचं ऐकेल तर शपथ.

"हा नुसता बसून खातो," ती म्हणाली. "दुसरा घडवायला लागेल तेवढ्या सामानात माझा दुप्पट रंग होईल."

"बाई, मी बसलोय म्हणून तू उभी आहेस," राखण्या म्हणाला. "माझी बोटं विरायला लागलीत. दुसरा घडव."

"आधी रंग."

राखण्याची पकड ढिली झाली. मारेकऱ्यानं एक बोट सोडवून घेतलं, मग दुसरं.

"काका, हे काय करताय?" तांबीनं मारेकऱ्याला विचारलं.

"माझं काम. तुझ्यावर राग नाही माझा."

तांबीनं घाईघाईनं सामान शोधलं. सगळं रंगात गेलं होतं. मारेकऱ्याचा हात सुटला आणि बाहेर रक्तात जायच्या आधीच तांबी संपली.

तिच्याइतकी लाल पेशी त्या हाडात दुसरी झाली नाही, असं शेजारणी अजून सांगतात. सांगताना त्यांचे हात मात्र राखण्या घडवत असतात.