एकही फोन न आलेलं गाव

आमच्या आंबेघळीतली एकुलती एक ॲम्ब्युलन्स काढून न्यायला आरोग्य अधिकारी देवस्थळी स्वतः आले, आणि आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना हार घातला. अशी आमची वडीलधारी मंडळी!

साहेबांनी लॅपटॉपवर नकाशा दाखवला. "कुठून किती फोन येतात ते बघून कॉम्प्युटर गाड्या वाटतो. तुमच्या गावातून वर्षभरात एकही फोन नाही. म्हणजे इथे गरज नाही. उद्यापासून गाडी घाटाखाली."

गरज लागली की आम्ही धावत जाऊन ड्रायव्हरचं दार ठोठावतो, हे कॉम्प्युटरला कसं कळणार? सांगायचं सरपंच गोपाळतात्यांनी, तर ते बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

नववा महिना लागलेली सुगंधा पोट सावरत उठली. "साहेब, मला कळा सुरू झाल्या तर?"

"फोन करायचा, ताई. गाडी लगेच निघेल."

"मग आत्ता लावून दाखवा."

"ए, खाली बस गं!" तात्या खेकसले.

साहेबांनी हसत मोबाईल काढला. मग हात उंच केला. मग खुर्चीवर चढले. आमच्या गावात रेंज कधी आलेलीच नाही.

"उतरा साहेब, पडाल," सुगंधा म्हणाली. "तुमच्या कॉम्प्युटरचं बरोबरच आहे. इथून फोन येत नाही. उद्या आम्ही सगळे मेलो तरी येणार नाही, आणि तुमच्या नकाशावर हे गाव ठणठणीतच दिसेल."

साहेब उतरले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. गाडी गावातच राहिली. या वेळी मात्र आमच्या एकाही म्हाताऱ्याने टाळी वाजवली नाही.