डोळा रेखताना श्वास

फार पूर्वी, डोंगरात बुद्धाची लेणी घडत होती त्या काळी, पायथ्याच्या गावात एक चितारी राहत होता. दिवसभर तो लेण्याच्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी पिंपळाखाली गावकऱ्यांना ध्यान शिकवायचा. शिकवणं अगदी साधं. "श्वास आला, येऊ द्या. गेला, जाऊ द्या. त्याला धरू नका, ढकलू नका. नुसतं बघा."

गावाला त्याचं कौतुक होतं. थोरल्या चिताऱ्याला मात्र नव्हतं, आणि लेण्यातलं सगळं रंगकाम चालायचं त्याच्याच हुकमाने.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" थोरला म्हणाला. "पौर्णिमेला बुद्धाच्या मोठ्या चित्राचे डोळे रेखायचेत. ते काम तुला दिलंय. पण त्याआधी ठरव. कुंचला तरी धर, नाहीतर आसन तरी."

चिताऱ्याचा जीव दोन्हींत अडकलेला. पण पोट चालत होतं कुंचल्यावर. शेवटी जड मनाने तो पिंपळाखाली गेला आणि म्हणाला, "उद्यापासून मी शिकवणार नाही."

एक माळीण तेवढी बोलली. "दादा, जायचं तर जा. पण एक सांगून जा. इथं बसले की मला श्वास दिसतो, पण हार गुंफताना हरवतो. चित्र काढताना तुमचा कुठं असतो हो?"

चिताऱ्याला ते माहीतच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी त्याने काम करता करता लक्ष ठेवलं. रंग भरताना श्वास आपला येत-जात होता. बारीक रेघ आली, की मात्र छातीत अडकायचा. चिताऱ्यांची रीतच होती ती. नाजूक रेघ श्वास रोखूनच ओढायची, आणि डोळा तर हमखास. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा कुतूहल मोठं होतं. श्वास न रोखता रेघ येईल का? फुटक्या खापरांवर चेहरे काढून तो त्यांचे डोळे रेखत बसला. एक डोळा कपाळात गेला. दुसरा तर पोट दुखणाऱ्या मासोळीसारखा दिसू लागला. काढता काढता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. श्वास बाहेर जातो तेव्हा हात आपोआप सैल होतो, आणि रेघ त्याच्याबरोबर निघते.

पौर्णिमा आली. गाव लेण्यात जमलं. डोळ्याची रेघ पुसता येत नाही. ती चुकली, तर सगळ्या चित्रावर पाणी. चिताऱ्याने कुंचला उचलला.

"श्वास रोख!" थोरला ओरडला.

चिताऱ्याच्या आधी गावानेच श्वास रोखला. त्याने वळून पाहिलं, तर सगळ्यांचे गाल फुगलेले. माळीणसुद्धा लाल झालेली. त्याला हसू आवरेना.

"अहो, सोडा की श्वास!"

सगळे खो खो हसले. हसणं विरलं, तसा चिताऱ्याने एक श्वास घेतला, हलकेच सोडला आणि त्या सुटत्या श्वासाबरोबर पापणीची रेघ ओढली. मग दुसरी.

लेण्यातल्या जुन्या चित्रांचे डोळे जरा वटारल्यासारखे होते. हे डोळे अर्धवट मिटलेले, शांत. बघणाऱ्याला वाटावं, आता याची छाती हलेल. थोरल्याने ते जवळ जाऊन पाहिले आणि वाटेतलं एक फुटकं खापर उचलून तो निघून गेला.

संध्याकाळी पिंपळाखाली नेहमीची माणसं बसली. चितारीही आला. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. थोरला उभा होता. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात खापर, आणि खापरावर कपाळात गेलेला एक डोळा.

"मला जमेना रे," तो म्हणाला. "जरा सरक. कुठं बसू?"

कुंचला की आसन, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

तात्पर्य: दोन आवडत्या कामांतलं एक सोडण्याआधी, एकात शिकलेलं दुसऱ्यात कधी वापरून पाहिलं का, हे स्वतःला विचारावं.