फळीवरचा फोटो

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. एका दुकानाच्या फळीवर जुने कॅमेरे दर रविवारी आपापले आवडते फोटो एकमेकांना दाखवत. दुसऱ्याच्या फोटोला न बघताच "वाहवा!" म्हणायचं आणि लगेच आपला पुढे करायचा, अशी रीत.

कोपऱ्यातला मुका पेटी-कॅमेरा मात्र दर वेळी त्याच फळीचा फोटो दाखवी.

एकदा रंगोबा कॅमेऱ्याने पेटीचे नवे-जुने फोटो नीट पाहिले. एका जुन्या फोटोत शेजारच्या गुलाबराव कॅमेऱ्याची जागा रिकामी होती. पेटीने तो दाखवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुलाबराव नाहीसे झाले होते. गिऱ्हाईक भेटलं असेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. आजच्या फोटोत रंगोबाची जागा रिकामी होती.

"अहो, बघा तरी! यात मी नाही!"

"वाहवा, रंगोबा! आता आमचं महाबळेश्वर बघा."

पुढच्या रविवारी रंगोबाच्या जागी धुळीत नुसता चौकोन उरला होता. पेटीने नवा फोटो पुढे केला; त्यात आणखी एक जागा रिकामी होती.

"वाहवा!" सगळे म्हणाले.