मेत्सीरोबालाचं निजलेलं पाणी

एकदा काय झालं, लांब आफ्रिकेच्या दक्षिणेला, वाळूच्या मुलखात मा-काबो नावाची बाई राहायची. तिकडे बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. ही काबोची आई, म्हणून मा-काबो. हिचे कान भारी तिखट, बरं का! एकदा कुडाआडून तिनं ऐकलं, "आपल्या गावाच्या नावात म्हणे अख्खी नदी..." आणि बोलणारे पुढे निघून गेले की!

गावाचं नाव मेत्सीरोबाला. मेत्सी म्हणजे पाणी, रोबाला म्हणजे नीज. पण पाणवठा आटलेला. दुसऱ्या दिवशी सगळे गाव सोडणार होते. मा-काबोच्या म्हाताऱ्या आईचे पाय गेलेले. ती म्हणाली, "मला इथंच ठेवून जा." असं ठेवतं का कुणी आईला?

मग मा-काबो गेली मुखियाकडे. "मुखियाबाबा, गावाला हे नाव पडलं कसं?"

"आपले वाडवडील इथं पाण्याकाठी निजले, म्हणून."

"मग ते पाणी गेलं कुठं?"

"फार विचारतेस बाई तू!"

मग ती गेली लोराटो कुंभारणीकडे. लोराटो म्हणाली, "इथलं पाणी प्यालं की झोप यायची. म्हणून तर तुझा नवरा दिवसभर घोरतो!"

"तो न पिताच घोरतो," मा-काबो म्हणाली आणि घरी आली.

आई म्हणाली, "अगं, पाणीच निजलंय. तिथं, नदीच्या वाळूखाली."

मा-काबोच्या पोटात काही राहतंय होय? सगळं गाव नदीच्या कोरड्या पात्रात धावलं. ढोल वाजवले, "ऊठ, ऊठ!" म्हणून ओरडले, खड्डे खणले. निघाली नुसती वाळू.

मग मा-काबोनं आईला पाठुंगळी घेतलं नि तिथं नेलं. म्हातारीनं वाळूला कान लावला. खालून बारीक घुर्रघुर्र आली!

"हळू रे मेल्यांनो! दचकून खाली सरकलंय बिचारं. त्याला उठवायचं नाही. झोपेत लेकराची लाळ गळते ना, तेवढंच घ्यायचं."

तिनं बोरूच्या पोकळ नळीला टोकाशी गवताचा बोळा बांधला. नळी वाळूत हळूच खोल रोवली. मा-काबोनं ओढून पाहिलं. आधी वारा आला. मग चिखल आला. मग आलं गारगार पाणी! तोंडानं घोट घोट ओढून त्यांनी शहामृगाच्या अंड्याचं कवच भरलं, तीच तिकडची घागर. पहिलं म्हातारीला पाजलं.

अख्खी नदी काही निघाली नाही हं. सावकाश ओढलं तर सगळ्यांना पुरेल, एवढंच पाणी होतं. पण तेवढ्यावर बांधलेली गाठोडी सुटली. नावाचं म्हणाल तर मुखिया अजून आपलंच खरं म्हणतो, आणि कुंभारीण आपलं. म्हातारी मात्र लेकीजवळच राहिली. सगळे सुखानं नांदले.

चला, गोधडी ओढा बघू अंगावर. आणि मिटा डोळे.