दाजींच्या घरी बांगडे

‘दाजी, बंदूक माका कधी देतलास?’

दाजी गवस जेवत होते. पानात भात, भातावर कुळथाची पिठी. त्यांनी घास गिळला, वर पाणी प्यायले आणि विचारलं, ‘कोण? सगुण?’

‘सगुण.’

डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून दाजी माणसं आवाजावरून ओळखत. डुकरं तर ते आधीपासूनच आवाजावरून ओळखत आले होते.

सगुण धुरी त्यांचा चेला. दहा वर्षं त्यांच्या मागे रान तुडवून तयार झालेला. त्याच्यासारखा नेम पंचक्रोशीत नाही असं लोक म्हणत, आणि लोकांच्या आधी सगुण म्हणे. रताळ्यांच्या वाफ्यांत रानडुकरं घुसली की त्यालाच बोलावणं येई. पण त्याच्याकडे होती बापाची एकनळी बंदूक, आणि ती दर तिसऱ्या बाराला दगा द्यायची. मागच्या महिन्यात ऐन वेळी बार उडालाच नाही आणि डुकराने सगुणची मांडी फाडली. टाके पडले नऊ.

दाजींची दुनळी भिंतीवर टांगलेली होती. दाजींना मूलबाळ नाही. त्यांनी अर्जावर सही केली की तिचा परवाना सगुणच्या नावावर व्हायचा होता. अर्ज चार महिने सगुणच्या खिशात होता. घड्यांवर फाटायला लागला होता.

‘वाटेन इलंस?’ दाजींनी विचारलं.

‘वाटेनच.’

‘कोण गावला?’

‘कोण नाय. आणि गावलो तरी आपणच बाजूक होता. लोक मान देतत.’

‘कोणाक?’

‘माका.’

दाजींनी पिठीतली मिरची बोटाने बाजूला काढली.

‘ह्या घरात पंधरा दिस मासे नाय,’ ते म्हणाले. ‘पंधरा दिस पिठी खातंय. कित्याक, माहीत आसा?’

‘आवडाबाय येणा नाय.’

‘कित्याक येणा नाय?’

सगुण उंबऱ्याकडे बघू लागला…

आवडाबाय म्हणजे खाडीवरची मासे विकणारी. खाडीपासून वरच्या वाडीपर्यंत जांभ्याची वाट चढते, दोन माणसं जेमतेम बाजूबाजूने जातील इतकीच रुंद. एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा. डोक्यावर टोपली घेऊन आवडाबाय ती वाट तीस वर्षं चढत होती. पंधरा दिवसांपूर्वी वळणावर अचानक सगुण समोर आला. बंदूक कमरेशी आडवी, नळी पुढे. बाईने टोपलीसकट व्हाळात उडी घेतली. घोटा मुरगळला, बांगडे पाण्यात गेले. आणि सगुणला हसू आलं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आवडाबायने ते पाहिलं होतं.

‘रिकामी होती, दाजी. मी तिका थंयच सांगलंय, रिकामी आसा गो म्हणान.’

‘मगे?’

‘मगे काय? रिकाम्या बंदुकीक भियाचा कित्याक?’

दाजी उठले, हात धुऊन आले. हात पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

‘सगुणा, ज्या दिवशी ह्या घरात बांगडे शिजतले, त्या दिवशी ये. अर्ज घेवन ये.’

म्हाताऱ्याने स्वस्तात सोडलं, असं सगुणला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हजर. केळीच्या पानात डझनभर बांगडे, बाजारातले, ताजे.

दाजींनी पान नाकाशी नेलं.

‘एस्टीन इले.’

‘दाजी, बांगडे ते बांगडे.’

‘मांजरीक घाल.’

मांजरीचा तो दिवस फार चांगला गेला.

तिसऱ्या दिवशी सगुण खाडीवर आवडाबायच्या घरी गेला. चार शब्द गोड बोलायचे, चूक झाली म्हणायचं, हे त्याने वाटेत घोकलं होतं. मन खरंच साफ होतं. फक्त तो नेहमी जातो तसा गेला, खांद्याला बंदूक लावून. बंदुकीशिवाय घराबाहेर पडणं म्हणजे त्याला सदरा न घालता पडल्यासारखं वाटे.

दार आतून बंद झालं.

‘आवडाबाय, मी माफी मागूक इलंय.’

‘माफी मागूक बंदूक घेवन येतत?’ आतून आवाज आला.

‘रिकामी आसा गो.’

आतून कडीही लागली.

सगुण तिथून तडक दाजींकडे आला. तो चिडलेला होता, आणि त्याहून जास्त दुखावलेला.

‘ती माझ्या आवशीची मैत्रीण, दाजी. माका ल्हानपणात तिणा खांद्यार घेतलेला आसा. आणि ती माका भियता?’

दाजी उठले. कोपऱ्यातली जुनी टोपली त्यांनी चाचपून काढली, तिच्यात सहा नारळ भरले.

‘माझ्या डोक्यार चढव.’

‘खंय जातास?’

‘चढव मरे.’

सगुणने टोपली चढवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दाजी एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने काठी सावरत त्याच वळणाच्या खाली उतरले. सगुण मागोमाग, एक हात त्यांच्या कोपराशी धरून.

‘आता तू वर जा. वरसून ये. मी खालसून येतंय.’

सगुण वर गेला आणि फिरून उतरायला लागला. वळणावर दाजी समोर आले. सगुण अदबीने बांधाला लागून उभा राहिला. बंदूक खांद्याला, नळी आकाशाकडे.

दाजी थांबले.

‘येवा, दाजी.’

दाजी हलले नाहीत.

‘येवा मरे. रिकामी आसा.’

…

तेव्हा सगुणच्या लक्षात आलं. डोक्यावर भार असेल त्याला बांधाची बाजू द्यायची आणि हातात बंदूक असेल त्याने व्हाळाच्या अंगाला व्हायचं, हा इथला जुना रिवाज. दाजींनीच तो पहिल्या पावसाळ्यात शिकवला होता. सगुण व्हाळाच्या बाजूला गेला.

दाजी तरी उभेच. नारळांच्या भाराने त्यांची मान थरथरत होती.

रिवाजाचा उरलेला अर्धा भागही सगुणला आठवला. समोर माणूस आलं की बंदूक मोडायची. मधल्या सांध्यातून नळी खाली पाडली की बंदूक उघडी पडते आणि भरलेली की रिकामी ते समोरच्यालाही दिसतं. इतक्या वर्षांत त्याने हे कुणासाठी केलं नव्हतं. रिकामी बंदूक मोडून काय दाखवायची, असा त्याचा हिशेब.

त्याने खटका दाबला, नळी खाली पाडली.

काहीतरी टप्‌कन जांभ्यावर पडलं आणि घरंगळत गेलं.

‘काय पडला?’ दाजींनी विचारलं.

सगुण खाली बघत होता.

‘काय पडला रे?’

‘काडतूस.’

पहाटे रताळ्यांच्या राखणीला गेला होता, तेव्हा भरलेलं. ते काढायचं राहून गेलं होतं. तेच खांद्यावर घेऊन तो आवडाबायच्या दारात उभा होता. आणि पंधरा दिवसांपूर्वी, कमरेशी आडवी धरून, हसत होता तेव्हा… त्या दिवशीही तो पहाटे राखणीलाच गेला होता.

दाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते बांधाच्या कडेने, काठीने वाट चाचपत त्याच्या बाजूने निघून गेले. चार पावलं वर गेल्यावर म्हणाले, ‘नारळ उतरवूक ये.’

दुसऱ्या दिवसापासून सगुण सकाळी त्या वळणावर उभा राहू लागला. राखणीवरून परतायचं, बंदूक मोडायची, उघडी काजूच्या फांदीला अडकवायची, खालून येणाऱ्याला दुरूनच दिसेल अशी. काडतुसं काढून शेजारच्या दगडावर मांडायची. आणि आपण व्हाळाच्या अंगाला, हात मोकळे सोडून.

पहिल्या दिवशी टपालवाला वळणावरूनच मागे फिरला. दुसऱ्या दिवशी तो आला, पण एक शब्द न बोलता गेला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, यंदा काजू कसो काय. मग वाडीतल्या बायका येऊ लागल्या. एकीने तर जाता जाता सगुणला चांगलंच सुनावलं, तीन आठवडे मोठ्या रस्त्याने वळसा घालायला लावला म्हणून. सगुणने ऐकून घेतलं. लोक आपल्याला बघून बाजूला होत ते मान देऊन नव्हे, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, आणि ते कळणं सुखाचं नव्हतं.

नवव्या दिवशी आवडाबाय आली. किंचित लंगडत होती.

वळणाच्या खाली ती थांबली. फांदीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. मग सगुणकडे.

‘त्या दिवशी भरलली होती काय रे?’

नाही म्हणणं फार सोपं होतं. तिला खरं कधीच कळलं नसतं.

‘माहीत नाय,’ सगुण म्हणाला. ‘माका माहीत नाय, आवडाबाय.’

…

डोक्यावरून माशांचं पाणी आवडाबायच्या कानामागे ओघळत होतं.

मग ती वर आली, त्याच्या समोर थांबली.

‘हात लाव,’ ती म्हणाली. ‘चुंबळ सरकली हा.’

सगुणने टोपली उचलून धरली. तिने डोक्यावरची फडक्याची चुंबळ सारखी केली. सगुणने टोपली पुन्हा चढवली. तेवढ्यात त्याचे डोळे भरून आले, पण तिचे दोन्ही हात टोपलीला होते आणि तिची नजर वर होती, त्यामुळे ते खपून गेलं.

‘आवशीचो गुडघो कसो आसा?’ तिने जाता जाता विचारलं.

दुपारी दाजींच्या घरातून बांगड्यांच्या तिखल्याचा वास वाटेपर्यंत येत होता. सगुण आला आणि दारातच उभा राहिला.

‘कोण? सगुण?’

‘सगुण.’

‘अर्ज खंय?’

‘खिशात.’

‘काढ.’

सगुणने काढला नाही.

‘दाजी, मी भरलली बंदूक रिकामी म्हणान घेवन फिरलंय. किती दिस फिरलंय, ता देवाक माहीत. तुमची बंदूक माका कशी देतास?’

दाजी बांगड्याचा काटा काढत होते. तो त्यांनी नीट पानाच्या कडेला ठेवला. हात धुतले. भिंतीवरची दुनळी उतरवली, खटका दाबून मोडली आणि तशीच उघडी त्याच्या हातात दिली.

‘बघ.’

सगुणने ती दाराकडे वळवली.

‘तसा नाय. फिरव. तोंडाकडसून बघ.’

नळीचं तोंड आपल्या डोळ्याला लावायचं. सगुण क्षणभर थांबला. त्याने आधी मागच्या दोन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. एकदा. मग पुन्हा एकदा. दाजी कान देऊन ऐकत होते. मग त्याने बंदूक उलटी धरली आणि नळीचं तोंड स्वतःच्या डोळ्याला लावलं.

‘काय दिसता?’

‘उजेड.’

‘आणि?’

‘वाट.’

‘वाटेर कोण आसा?’

‘आवडाबाय. रिकामी टोपली घेवन उतारता.’

दाजींनी हात पुढे केला. सगुणने अर्ज काढून दिला. सही करायची तिथे त्याने त्यांचं बोट टेकवलं. दाजींनी सही केली, वाकडीतिकडी, ओळीच्या बाहेर. मग पुन्हा पानावर बसले.

‘जवसर वाट दिसता,’ ते म्हणाले, ‘तवसर बंदूक तुझी.’